नोव्हेंबरचा फलक: जयंत्या, जागतिक दिन आणि खाली लिहायची एक ओळ

ओसरी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारात काळा फलक आहे, त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे. वर तारीख, वार, तिथी, मग जयंती-पुण्यतिथी आणि त्याखाली "आज जागतिक अमुक दिन". एस्टी स्टँडचा रस्ता तिथूनच जातो त्यामुळे माणसं जाताजाता वाचतात, आणि शाळेची पोरं तर थांबून वहीत उतरवून घेतात कारण त्यांना परिपाठाला दिनविशेष सांगायचा असतो.

पण मला आता ते नुसतं नाव लिहिणं पटेनासं झालंय. "आज जागतिक मधुमेह दिन" एवढं वाचून कुणाला काय मिळतं? पोरगं शाळेत जाऊन तेवढंच म्हणतं आणि खाली बसतं. म्हणून या नोव्हेंबरपासून असं करायचं ठरवलंय की प्रत्येक दिवसाखाली दोन ओळी लिहायच्या. तो दिवस याच तारखेला का, ही एक ओळ. आणि वाचणाऱ्याला त्या दिवशी खरंच करता येईल किंवा बघता येईल असं काहीतरी, ही दुसरी.

नोव्हेंबर मुद्दाम निवडलाय कारण या महिन्यातले बरेच दिन कुणाच्या ना कुणाच्या जन्मतारखेला बांधलेले आहेत. ७ ला मेरी क्युरी (१८६७), त्याच दिवशी आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन, आणि सी. व्ही. रामन (१८८८) यांची जयंतीही तीच. ११ ला मौलाना आझाद (१८८८) म्हणून राष्ट्रीय शिक्षण दिन. १२ ला सलीम अली (१८९६). १४ ला नेहरू (१८८९) म्हणून बालदिन, आणि इन्सुलिनवाले फ्रेडरिक बँटिंग (१८९१) म्हणून मधुमेह दिन. १५ ला बिरसा मुंडा (१८७५), जनजातीय गौरव दिवस. २६ ला अमूलवाले व्हर्गीस कुरियन (१९२१), म्हणून राष्ट्रीय दूध दिन. म्हणजे माणूस आणि त्याचं काम एकत्रच सांगता येतं, वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

अडचण जागेची आहे. फलकावर जेमतेम सहा-सात ओळी मावतात, लांबून वाचता यायला अक्षर मोठं काढावं लागतं. तर तुम्ही सुचवा, कुठल्या दिवशी काय लिहू? ज्याला ज्यातलं माहिती आहे त्याने त्यातलं सांगा.

रानपाखरू

वा, माझ्याच आवडीचा विषय. ५ ते १२ नोव्हेंबर हा अख्खा आठवडा तुम्ही विसरू नका, आपल्या राज्यात तो पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवात ५ ला कारण त्या दिवशी मारुती चितमपल्लींचा जन्म (१९३२, सोलापूर) आणि शेवट १२ ला सलीम अलींच्या जयंतीला. २०२० साली सरकारने तसं ठरवलं. एक आयुष्यभर वनखात्यात राहून जंगलाबद्दल मराठीत लिहिणारा माणूस आणि एक मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला पक्षीशास्त्रज्ञ, दोघांच्या वाढदिवसांच्या मधला आठवडा. इतका नेमका सप्ताह मला दुसरा माहिती नाही. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्यामुळे आता ५ तारीख जयंती म्हणूनच लिहावी लागणार, लिहिताना वाईट वाटतं.

सलीम अलींचं सगळे चिमणीचं सांगतात. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, मामांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे पाठवलं आणि तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे बघून पोरगं कायमचं तिकडचं झालं. ते लिहाच. पण मला विचाराल तर किहीमचं लिहा. १९३० साली जर्मनीहून शिकून परत आले तर म्युझियममधली नोकरी पैशाअभावी बंद झालेली. मग बायकोबरोबर अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे नुसतं बघत बसले, दिवसचे दिवस, नोंदी करत. त्यातून कळलं की खोपा विणतो तो नर, आणि तो पूर्ण करत नाही. टांगलेल्या टोपीसारखा अर्धा झाला की थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येऊन आतून बघतात, ओढून बघतात, एखादीला पसंत पडला की मग तो खालची नळी विणून घर पुरं करतो. ती अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे कुणाला आधी नीट माहितीच नव्हतं. नोकरी गेलेल्या माणसाने घराबाहेर बसून हे शोधलं.

दुसऱ्या ओळीसाठी सोपं काम सांगतो. नोव्हेंबरात खोपे रिकामे असतात त्यामुळे पोरांना झाडाखाली पडलेला खोपा वाचनालयात आणून दाखवायला हरकत नाही, फक्त झाडावरचा काढू देऊ नका. आणि "आज धोबी पक्षी दिसला का?" असं लिहा. हिवाळ्याचा पाहुणा आहे, स्टँडवर, नाल्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, कुठेही शेपटी वरखाली करत पळताना दिसतो. त्यासाठी अभयारण्यात जायला नको.

सडेतोड

उपक्रम चांगला आहे पण एक विचारतो, राग मानू नका. इतके दिन हवेत कशाला? वर्षाचे ३६५ दिवस कमी पडतील इतके झालेत, एकेका तारखेला तीनतीन. आणि जागतिक दिन म्हटलं की परदेशी माणसं आलीच. आपल्या तालुक्यातल्या पोराला बँटिंग कोण, त्याचं काय करायचं? ४ नोव्हेंबरला वासुदेव बळवंत फडक्यांची जयंती असते (१८४५, शिरढोण, पनवेलजवळ), १२ ला सेनापती बापटांची (१८८०, पारनेर). ही नावं किती पोरांना येतात? आधी आपली माणसं फलकावर घ्या, जागा उरली तर बाकीची.

मृदगंधा

सडेतोड, बँटिंगचं आमच्या तालुक्यातल्या पोरीला काय करायचं ते मी सांगते.

माझी मुलगी तिसरीत असताना एकदम बारीक व्हायला लागली. सारखं पाणी प्यायची, रात्री तीनतीनदा लघवीला उठायची, एकदोनदा तर अंथरुणातच झाली आणि ती लाजून रडायला लागली. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, शाळेचा ताण आहे, जंत झाले असतील. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात, ग्लानी. दवाखान्यात शुगर बघितली तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं "हाय" दाखवत होतं. टाइप वन. म्हणजे तिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नाही. गोड खाल्ल्यामुळे झालेलं नाही, आम्ही काही चुकवलं म्हणून झालेलं नाही, पथ्याने किंवा काढ्याने जाणारं नाही. रोज इंजेक्शन. आता ती स्वतः पेन लावते, मधल्या सुट्टीत बोट टोचून शुगर बघते, डब्यात दोन पोळ्या आहेत का भात आहे त्यावरून किती युनिट घ्यायचं ते सांगते.

आणि १४ नोव्हेंबरला तिच्या शाळेत बालदिनाची चॉकलेटं वाटली. तिला मात्र "तुला चालत नाही ना" म्हणून सगळ्यांदेखत पेन्सिल दिली. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला पण कळतं. पण इन्सुलिनचा हिशोब करून ती चॉकलेट खाऊ शकते हो, आणि शुगर खाली गेली तर तिला गोड द्यावंच लागतं, ते तर औषध आहे. मधुमेह दिनाच्याच दिवशी, बालदिनालाच, मधुमेह असलेलं लेकरू रांगेतून वेगळं काढलं गेलं, कारण तो दिवस कशासाठी आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ओसरीताई, तुमच्या फलकावर १४ तारखेला एवढं लिहा: लहान मुलाला खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं, थकवा, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी शुगर तपासा. लहान मुलांनाही मधुमेह होतो. बास. एका आईने जरी वाचलं तरी चालेल.

ओसरी

मृदगंधा, वाचून घशात आवंढा आला. हे लिहिणार, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिणार. बालदिन त्याच्याखाली.

टोरांटोकर

मृदगंधा, तुमच्या मुलीला खूप शुभेच्छा. मी ओंटारिओत राहतो, इथल्या लंडन गावात (इंग्लंडातलं नव्हे, टोरांटोपासून गाडीने दोनेक तासांवर) बँटिंगचं घर जपून ठेवलंय ते बघून आलोय. हा माणूस अलिस्टन नावाच्या खेड्याजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून डॉक्टरकी करून आला, लंडनला दवाखाना टाकला पण पेशंट येईनात, म्हणून जोडीला कॉलेजात शिकवायचा. एका व्याख्यानासाठी स्वादुपिंडाचं वाचत बसला होता आणि ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे दोन वाजता उठून स्वादुपिंडातला अर्क कसा मिळवायचा त्याच्या वहीत चार ओळी खरडल्या. त्या खोलीतला पलंग आजही तिथे आहे आणि जगभरातून आलेले मधुमेही, त्यात लहान मुलं पुष्कळ, तिथे बँटिंगला लिहिलेली पत्रं ठेवून जातात. बाहेर एक ज्योत आहे, १९८९ पासून पेटती ठेवलेली, मधुमेहावर कायमचा इलाज सापडेल तेव्हाच ती विझवायची असं ठरलंय.

पुढचं सगळं टोरांटोत झालं. तिथल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅक्लाउडची प्रयोगशाळा, जोडीला चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी, १९२१ चा उन्हाळा. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही कारण अर्क शुद्ध नव्हता. कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला आणि त्याच महिन्यात दुसऱ्या इंजेक्शनला पोरगा सावरला. त्याआधी अशा मुलांना फक्त उपाशी ठेवायचे, अगदी थोडं थोडं खायला देऊन काही महिने काढायचे, हाडांचा सापळा व्हायचा, आईबाप नुसते बघत बसायचे. तेरा चौदा वर्षांची मुलं वीस-पंचवीस किलोची.

आणि महत्त्वाचं, पेटंट त्यांनी टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउडला मिळालं तेव्हा बँटिंगने आपल्या वाट्याचे अर्धे पैसे बेस्टला दिले, मग मॅक्लाउडने कॉलिपला दिले. हे शाळेतल्या पोरांना आवडेल.

मधुमेह दिन सुरू झाला १९९१ साली, संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये ठराव केला. निळं वर्तुळ हे त्याचं चिन्ह, फलकावर काढायला सोपं आहे.

परिचारिका

मृदगंधा यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. आमच्या वॉर्डात असं उशिरा आलेलं लेकरू बघितलं की जीव तुटतो. अजून एक ओळ जमली तर घाला, गावाकडे फ्रीज नसेल तर इन्सुलिन कुठे ठेवायचं. मातीच्या मडक्यात थोडं पाणी घालून त्यात डब्यात बंद करून सावलीत ठेवतात, चालतं. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

७ तारखेबद्दल. मेरी क्युरीचं नोबेल सगळ्यांना माहिती असतं, १९०३ चं भौतिकशास्त्राचं आणि १९११ चं रसायनशास्त्राचं. पण पहिल्या महायुद्धात तिने एक्सरे मशीन गाड्यांवर बसवून आघाडीजवळच्या दवाखान्यांत नेली, स्वतः गाडी चालवायला शिकली आणि लेक आयरीनला, तेव्हा जेमतेम सतरा-अठराची होती, सोबत घेतलं. गोळी नेमकी कुठे अडकलीय ते सर्जनला आधी कळायला लागलं. ८ नोव्हेंबरला लागूनच रेडिओग्राफी दिन असतो कारण राँटगेनला १८९५ मध्ये त्याच तारखेला क्ष-किरण सापडले. सलग दोन दिवस लिहिता येईल. (८ ला पुलंची जयंती आहे, १९१९, ती कुणी तुम्हाला विसरू देणारच नाही.)

कर्करोग दिनाला गुलाबी फिती वगैरे ठीक आहे, पण आपल्याकडे तोंडाचं आधी लिहा. तंबाखू, गुटखा आणि बायकांमध्ये मिश्री. कितीतरी बायका दात घासायचं म्हणून दिवसातून चारचार वेळा मिश्री लावतात आणि विचारलं की सांगतात मी तंबाखू खात नाही. दुसरी ओळ अशी: आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडून बघा, जीभ वर करून खाली बघा, गालाच्या आतून बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. दुखत नसलं तरी दाखवा.

१७ ला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस असतो. तिथे एकच लिहा, बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं. आणि १८ ते २४ हा अँटिबायोटिकचा आठवडा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणू नका, मागच्या वेळच्या उरलेल्या घेऊ नका, शेजाऱ्याला देऊ नका.

कृष्णाकाठ

मी शाळेत शिकवतो त्यामुळे परिपाठवाल्या पोरांच्या बाजूने लिहितो. ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताहासोबत मराठी रंगभूमी दिन पण आहे बरं का. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत पटवर्धन संस्थानिकांसमोर सीता स्वयंवर केलं, त्याची ही तारीख. सांगलीत आजही त्या दिवशी भावे गौरव पदक देतात.

पण मला सगळ्यात जवळचा दिवस ७ नोव्हेंबर. १९०० साली त्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरला चढलं, इंग्रजी पहिलीच्या वर्गात. तीच आताची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस. बाकी सगळे दिवस जन्माचे, मृत्यूचे नाहीतर कुठल्यातरी ठरावाचे, हा मात्र एका पोराच्या शाळाप्रवेशाचा दिवस आहे. मी वर्गात सांगतो की ज्या मुलाला वर्गात वेगळं बसवलं जायचं, ज्याला माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेता यायचं नाही, त्याच मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरला लागलं आणि पुढे त्याने काय केलं ते २६ नोव्हेंबरला बघा. १९४९ च्या त्या दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारलं. ७ आणि २६ या दोन तारखा एकमेकींना जोडून लिहा, एकीकडे "२६ तारखेला पुढचं वाचा" असं आणि दुसरीकडे "७ तारखेचं आठवतं का" असं. पोरं थांबून वाट बघतील.

दुसऱ्या ओळीसाठी: वाचनालयाने त्या एका दिवशी शाळेतल्या मुलांना अनामत न घेता सभासद करून घ्यावं. समितीला विचारून बघा.

ओसरी

सर हे फारच छान सुचवलंत, समितीच्या बैठकीत मांडते. बहुतेक होईल, कारण अनामतीपायी पोरं आत येत नाहीत हे सगळ्यांना दिसतंय.

सडेतोड, तुमचा मुद्दा मी टाकून दिलेला नाही. ४ ला फडके आणि १२ ला सेनापती बापट लिहिणारच. पण "आधी आपली, जागा उरली तर बाकीची" हे मला जमणार नाही. माझ्या फलकावर जागा त्यालाच, ज्याच्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागेल. तो शिरढोणचा असो नाहीतर अलिस्टनचा. तुम्ही बापटांचं दोन ओळीत लिहून द्याल का, नुसतं "थोर क्रांतिकारक" नको.

सडेतोड

देतो की. सेनापती बापट: इंग्लंडात शिकायला गेले आणि तिथून बॉम्ब बनवायची कृती घेऊन आले. पुढे मुळशीला टाटांच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, सेनापती हे नाव तिथलंच. आणि हाच माणूस हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडायचा. दुसरी ओळ: आज आपल्या घरासमोरचा रस्ता आपण झाडा.

मृदगंधा, तुमचं वाचलं. १४ तारखेला बँटिंगच हवा, माझी हरकत नाही.

सावली

२५ नोव्हेंबर कुणीच घेतला नाही अजून. महिलांवरील हिंसाचाराच्या विरोधातला दिवस. तारीख कुठून आली ते लिहा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ट्रुहियोची हुकूमशाही होती, त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मिराबाल बहिणी, पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा, तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येत असताना रस्त्यात गाडी अडवून त्यांना मारलं आणि गाडी दरीत लोटून अपघात दाखवला. साल १९६०. १९८१ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये तो स्वीकारला, म्हणजे बायकांनी आधी केलं आणि सरकारं मागून आली.

दुसऱ्या ओळीत फक्त नंबर लिहा. महिला हेल्पलाइन १८१. तातडीला ११२. मुलांसाठी १०९८. आणि हे एक दिवस लिहून पुसू नका, २५ पासून १० डिसेंबरपर्यंत सोळा दिवसांची मोहीम असते, तेवढे दिवस फलकाच्या कोपऱ्यात ठेवा. स्टँडकडे जाणारी एखादी बाई उभं राहून नंबर लिहून घेणार नाही, कुणीतरी बघेल म्हणून. पण रोज जाताना दिसला तर पाठ होईल.

ओसरी

कोपऱ्यात कायमचाच ठेवते. पांढऱ्या ऑइलपेंटने.

दूधगंगा

२६ ला संविधान दिन मोठा, त्याबद्दल वाद नाही, शिवाय मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना पण आदरांजली त्याच दिवशी (२००८). पण कुरियनसाहेबांना एक ओळ तरी द्या. मी करवीर भागातला, घरात पिढ्यान् पिढ्या म्हशी आणि आता गावच्या दूध संस्थेचं काम बघतो.

केरळातल्या कोझिकोडचा हा माणूस, सरकारी शिष्यवृत्तीच्या बंधनापायी १९४९ साली आणंदला आला, मनात नसताना. गाव सोडून जायच्या तयारीत होता पण तिथल्या दूध संघाच्या त्रिभुवनदास पटेलांनी थांबवून घेतलं आणि मग आयुष्य तिथेच गेलं. त्या वेळी सगळं जग म्हणत होतं की म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, पावडर गायीच्याच दुधाची. दलाया नावाचे त्यांचे सहकारी, त्यांनी ती करून दाखवली. आपल्याकडे म्हशीच जास्त, त्यामुळे ते जमलं नसतं तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. १९७० पासून दूध महापूर योजना देशभर गेली.

पण लोकांना मोठमोठे आकडे सांगू नका, पहाटेचं सांगा. पाच-साडेपाचला बाई किटली घेऊन डेअरीत येते, काट्यावर दूध ओततात, नमुना घेतात, मशीनला लावतात, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) तिच्यासमोर दिसतं आणि त्यावर दर लागतो. सहाची फॅट लागली तर एक दर, साडेसहाची लागली तर त्याच्यावर. पाणी घातलेलं तिथल्या तिथे कळतं आणि चांगलं दूध घालणाऱ्याचा पैसा पण तिथल्या तिथे कळतो. दहा दिवसांनी बिल. त्या डेअरीत कुणाची जात विचारत नाहीत, एका भांड्यात सगळ्यांचं दूध पडतं. म्हणून मला संविधान आणि दूध एका तारखेला आलंय ते बरोबरच वाटतं. दुसरी ओळ: आपल्या गावच्या डेअरीत आज पहाटे जाऊन बघा. पोरांना सहल काढा, खर्च शून्य.

सावली

दूधगंगा, जात विचारत नाहीत हे खरं असेल पण बिलाचं खातं कुणाच्या नावावर असतं तेही बघा ना. धारा काढते बाई, डेअरीत येते बाई आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात.

दूधगंगा

बरोबर बोललात. आमच्याकडे आता बऱ्याच जणी स्वतःच्या नावावर घालतात पण सगळ्या नाहीत. सभासद म्हणून बाईचंच नाव लावा असं आम्ही सांगतो. ती ओळ झाली तर माझ्या सहलीपेक्षा ती लिहा ओसरीताई.

आळंदीकर

तारखा तपासून लिहा ही विनंती. व्हॉट्सॲपवर रोज एक जागतिक दिन येतो, त्यातले कितीतरी कुठल्यातरी कंपनीने माल खपवायला काढलेले असतात. संयुक्त राष्ट्रांची स्वतःची यादी आहे, आरोग्याचे दिवस जागतिक आरोग्य संघटनेकडे मिळतात, आणि आपल्या राज्यापुरतं म्हणाल तर सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रक काढतो, कुणाकुणाच्या जयंत्या सरकारी कार्यालयात साजऱ्या करायच्या त्याचं. ते ग्रामपंचायतीत मिळेल. काही दिवस तारखेवर नसतात हे पण लक्षात असू द्या. रस्ते अपघातात गेलेल्यांचा स्मरणदिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, तत्त्वज्ञान दिन तिसऱ्या गुरुवारी. आणि कार्तिकी एकादशी, गुरुनानक जयंती तिथीप्रमाणे, दरवर्षी पंचांग बघूनच.

रस्ते अपघाताच्या रविवारी एवढं लिहा की जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कायद्यानेच त्याला संरक्षण आहे. पोलिसांची भानगड नको म्हणून लोक गाडी थांबवत नाहीत, तेवढ्यात माणूस जातो.

मधलीसुट्टी

१९ चा शौचालय दिन घ्या प्लीज. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ ला मान्य केलेला. त्याच दिवशी इंदिरा गांधींची जयंती (१९१७) असते म्हणून हा कुणी लिहितच नाही, आणि लिहायला लोकांना कसंतरी पण वाटतं. आमच्या वेळी शाळेत मुलींसाठी होतं पण दाराला कडी नव्हती, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं, दिवसभर पाणी प्यायचो नाही. दुसरी ओळ: आपल्या शाळेतल्या मुलींच्या शौचालयात आज पाणी आणि कडी आहे का, ते शाळा व्यवस्थापन समितीने जाऊन बघावं.

कृष्णाकाठ

मधलीसुट्टी, हे मी सोमवारी आमच्याच शाळेत बघतो आधी.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वही भरली. १४ तारखेचा मजकूर खडूने लिहून बघितला, असा बसतोय:

"१४ नोव्हेंबर. इन्सुलिन शोधणारे डॉ. बँटिंग यांचा जन्म, १८९१. म्हणून आज जागतिक मधुमेह दिन. खूप तहान, सारखी लघवी, वजन कमी, थकवा: लहान मुलाचीही शुगर आजच तपासा. मधुमेह असलेल्या मुलाला वेगळं बसवू नका. पं. नेहरू जयंती, बालदिन."

सहा ओळी झाल्या, वर्तुळ उजव्या कोपऱ्यात. मृदगंधा, काही बदलायचं असेल तर सांगा.

मृदगंधा

"वेगळं बसवू नका" च्या जागी "वेगळं काढू नका" करा. बाकी काही नको. आणि जमलं तर १३ ला दुपारीच लिहून ठेवा, चॉकलेटं सकाळी पहिल्या तासालाच वाटतात.

ओसरी

हो, १३ लाच लिहिते.

रानपाखरू

ओसरीताई, ५ ला सकाळी वाचनालयासमोर पोरं जमवलीत तर मी येतो, दुर्बिणी माझ्याकडे दोन आहेत. सात वाजेपर्यंत या म्हणावं, ऊन चढलं की पक्षी बसतात.

सडेतोड

डिसेंबरची यादी मी काढतो. ३ ला दिव्यांग दिन, ६ ला महापरिनिर्वाण दिन, २० ला गाडगेबाबांची पुण्यतिथी (१९५६), २२ ला रामानुजन जयंती (१८८७) म्हणून राष्ट्रीय गणित दिन. प्रत्येकाखाली दोन ओळी. २० नोव्हेंबरपर्यंत इथेच टाकतो, त्यात ज्याला भर घालायची त्याने घाला.